देवराजाची सातवी स्पर्धा

"थांब! खाऊ नकोस!" निशा ओरडली.

विश्वजीतचा घास तोंडाजवळच राहिला. "काय झालं? भेळेत पाल आहे का?"

"भेळ नाही, कागद बघ!"

तिने त्याच्या हातातला पुडा उलटा केला. सगळी भेळ बजाजनगरच्या रस्त्यावर सांडली. तेलकट कागदावर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'स्पर्धा तिसरी. देवराजा अक्षयकेतू म्हणतो, जो राखेचा पूल ओलांडेल, तोच पुढे येईल.'

"सरिताकाकूंचं अक्षर!" त्यांच्यातला तिसरा, बुद्धभूषण, म्हणाला.

सरिताकाकूंना जाऊन महिना झाला होता. दोन वर्षं, दर रविवारी, त्या या तिघांना गच्चीवर एक खेळ खेळवायच्या. तो त्यांनीच रचला होता. कधीच न मरणारा एक देवराजा, त्याच्या सात पवित्र स्पर्धा, आणि जिंकणाऱ्याला अमरत्व. काकू आपल्या वहीतून गोष्ट सांगायच्या. मुलं आपापला वीर होऊन काय करायचं ते ठरवायची. अडलं की फासा टाकायचा.

सहा स्पर्धा झाल्या. सातवीच्या रविवारी मात्र कुणीच गेलं नाही. विश्वजीतच्या मोबाइलवर नवा गेम आला होता. "काकू कुठे पळून जातायत!" असं निशाच म्हणाली होती. बुधवारी काकूंना दवाखान्यात नेलं. त्या परत आल्याच नाहीत.

सातवी स्पर्धा काय होती, हे आता फक्त त्यांच्या वहीत होतं.

"कडुबामामा, हा कागद कुठला?" निशाने भेळवाल्याला विचारलं.

"बन्सीच्या रद्दीतला. अर्धी वही फाडून दिली त्यानं, अर्धी त्याच्याकडंच असंल. पर पळा! चारला त्याचा टेम्पो रद्दी घेऊन निघतो!"

तीन वाजून गेले होते. तिघं धावतच सुटले.

बन्सीशेठच्या दुकानात रद्दीचा ढीग छपराला टेकला होता. "हात लावायचा नाय!" बन्सीशेठ खेकसले. "एक वही ओढली की सगळं अंगावर येतं. चला, निघा!"

"माझा वीर चोर आहे," बाहेर येऊन विश्वजीत कुजबुजला. "मी मागून शिरतो."

"वीर चोर आहे, तू नाहीस! पेरू काढताना कुंपणावर कोण अडकलं होतं?" बुद्धभूषण म्हणाला.

"ते कुंपणच वाकडं होतं!"

निशा दारातून ढिगाकडे बघत होती. पेपर, वह्या, पुठ्ठे, सगळं एकत्र कोंबलेलं. ती पुन्हा आत गेली.

"बन्सीकाका, वेगवेगळं केलं तर चांगला भाव मिळतो ना?"

"मिळतो की. पर करणार कोण?"

"आम्ही! फुकट! सुट्टीच आहे आम्हाला."

"फुकट?" बन्सीशेठ खुर्चीत रेलले. "करा मग!" पाच मिनिटांत ते घोरायलाही लागले.

पेपर इकडे, वह्या तिकडे, पुठ्ठे भिंतीशी. धुळीने विश्वजीत सारखा शिंकत होता. टेम्पो दारात येऊन थांबला, तेवढ्यात बुद्धभूषण ओरडला, "सापडली!"

बन्सीशेठ दचकून उठले. त्यांनी तीन नीट ढीग बघितले. "न्या ती वही! उद्या पण या!"

सरिताकाकूंच्या घरी त्यांचे यजमान, साहेबकाका, एकटेच होते. वही बघून ते खालीच बसले.

"मीच दिली," ते म्हणाले. "ती गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या विधीला पाहुणे येणार होते. बसायला जागा पाहिजे म्हणून पलंगाखालचं सगळं रद्दीत घातलं. उघडून बघितलं नाय."

"काका, सातवी वाचा ना," बुद्धभूषण म्हणाला.

काकांनी पानं उलटली. चौथी, पाचवी, सहावी. मग त्यांनी थांबत थांबत वाचलं, "'स्पर्धा सातवी. इथे फासा नाही. अमर होऊन काय करणार, हे देवराजा एकेकाला विचारेल. पोरं काय सांगतात ते ऐकून शेवट लिहीन.'"

त्याखाली एकच ओळ होती. 'आज पोरं आली नाहीत.' पुढची पानं कोरी होती.

"आम्ही यायला पाहिजे होतं," निशा म्हणाली.

"मी तर घरातच होतो," काका म्हणाले. "तुम्ही तरी खेळायला बसा, म्हणाली ती. मी म्हटलं, पोरखेळ आहे." त्यांनी वहीवरून हात फिरवला. "शाबास रे पोरांनो. माझ्या हातून गेलेलं तुम्ही परत आणलं."

शाबासकी ऐकून तिघांनी माना खाली घातल्या.

काकांनी पेन शोधलं. "मला लिहायला लई वेळ लागतो. हळू सांगा. निशा, तू अमर होऊन काय करणार?"

निशाने कोऱ्या पानाकडे बघितलं. "मला नको, काका."

"का गं?"

"सगळे जाणार, आणि आपण एकटंच मागे राहायचं. ते..." काकांकडे बघून ती थांबली.

"बोल. खरंच आहे ते."

काकांनी काकूंच्या ओळीखाली सावकाश लिहिलं, 'निशा. नको म्हणाली.'

"हं," ते म्हणाले. "आता विश्वजीत."