आजींच्या शेजारची खुर्ची

ही गोष्ट कुठे वाचलेली नाही. माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलेली आहे. आणि ताई असल्या गोष्टींना हसणाऱ्यांतली.

ताई स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना तपासते. माणूस चिडतो का, त्याला भास होतात का, ते कशामुळे वाढतं, हे बघणं तिचं काम.

मंगळवारची भर दुपार. तिसऱ्या मजल्यावरचं लख्ख उजेडाचं घर. आजी खिडकीशी बसलेल्या.

शेजारी एक रिकामी खुर्ची.

"तिच्यात कुणी बसलं की आई अंगावर धावून येते," मुलगा म्हणाला. त्याच्या मनगटावर दातांचे वण होते. "काल चावली मला. आता झोपेचं औषध द्याच, मॅडम. आमच्यात त्राण उरलं नाही."

"आधी कारण शोधू."

कुठे दुखत नव्हतं. ताप नव्हता. कान, डोळे वयाच्या मानाने ठणठणीत.

"आजी, या खुर्चीत कोण असतं?"

"कुणी का असेना! तुला नसत्या चौकशा कशाला?"

ताईला हसू आलं. आजी काय करतात ते बघायला ती मुद्दाम त्या खुर्चीत बसली.

आजी ओरडल्या नाहीत.

त्यांनी ताईच्या खांद्यामागे पाहिलं... मान डोलावली...

"बरं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "तुझी मर्जी."

हे ताईला उद्देशून नव्हतं.

तिच्या मानेला गार श्वास लागला...

खिडकी बंद होती.

औषध इतक्यात नको, असं सांगून ताई निघाली.

दोन दिवसांनी मुलाचा फोन आला. "मॅडम, जादू केलीत! आई एकदम शांत. मी त्याच खुर्चीत बसून जेवलो. विचारलं तर म्हणते, ती गेली त्या बाईंबरोबर!"

तो खो खो हसत होता.

ताईला हसता आलं नाही.

त्याच दुपारी तिच्या दवाखान्यात एक नवे रुग्ण आले. दुसऱ्या गावचे निवृत्त पोस्टमन. आजींशी त्यांची ओळखदेख असण्याचा प्रश्नच नव्हता. सुनेने हात धरून आत आणलं, तशी ताई उठून उभी राहिली.

"या काका, बसा."

काका दारातच थबकले. त्यांनी ताईकडे पाहिलं. मग तिच्या जरा मागे...

"आधी तुम्ही दोघी बसा," ते म्हणाले. "किती वेळ उभ्या राहाल?"

सून गोंधळली. "असं कधीच बोलत नाहीत हो ते. आजच काय झालं..."

काकांच्या तपासणीच्या कागदावर एक प्रश्न होता: भास होतात का? हो की नाही?

ताईला ते अजून ठरवता आलेलं नाही.

परवा मी पुन्हा विषय काढला. तिने पटकन माझा हात दाबला.

"हळू बोल ना..."