आठवड्याची सात टिंबं

काय वाचून राहिलीस गं शिवगंगा त्या मोबाईलवर? बुधवार-गुरुवारी वादळी पाऊस, शनिवारपासून पुन्हा कडक ऊन? बरं. लाईट तर आत्ताच गेली. ठेव तो खाली, डोळे जातील. अन् तुम्ही पोरं हसू नका. पुढचं हवामान आधीच लिहून ठेवणारा एक माणूस मी पाहिलाय. आपल्याच गल्लीत राहायचा, रेणुकादास नाव. म्हातारपणी रोज संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन बसायचा. हे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय मला.

निजामाचं राज्य होतं. फसली तेराशे त्रेपन्न साल, म्हणजे तुमचं एकोणीसशे चव्वेचाळीस. रेणुकादास एका तहसील कचेरीत कारकून होता. कुठल्या ते सांगणार न्हाई, तिथल्या लोकांची नातवंडं हायत अजून. कचेरीच्या मागं पाऊस मोजायचा पत्र्याचा डबा होता. वर नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी बाटलीतलं पाणी मोजायचं अन् रजिस्टरात लिहायचं. उर्दूत शून्य म्हणजे नुसतं टिंब. आता वैशाखात कोण जातंय उन्हात डबा उघडायला? सगळ्या कारकुनांची रीतच पडली होती. सोमवारी बसायचं अन् येणाऱ्या आठवड्याची सात टिंबं एकदम ठोकायची. झालं काम.

त्या सोमवारी रेणुकादासानं टिंबं ठोकली अन् लातूरला गेला. भाचीचं लग्न होतं, विमलचं. मामाशिवाय नवरी बोहल्यावर कशी चढणार?

अन् बुधवारी, वैशाख वद्य नवमीला, दिवस बुडायला आभाळ फुटलं. सुपारीएवढ्या गारा! ओढा दोन पुरुष वर चढला. ग्यानोबा नावाचा डाकवाला त्याच वाटेनं येत होता. खांद्याला डाकेची थैली, हातात घुंगरं बांधलेला भाला. घुंगरं ऐकली की लोक म्हणायचे, डाक आली. त्या दिवशी काही घुंगरं आली न्हाईत. माणूस बी न्हाई, थैली बी न्हाई.

गुरुवारपासून पुन्हा असलं ऊन तापलं की दोन दिवसांत ओढ्यात धूळ उडायला लागली.

रेणुकादास शुक्रवारी परतला. निजामाच्या राज्यात शुक्रवारी कचेरीला सुट्टी. तो एकटाच मागं गेला, डबा उघडला. बाटली गच्च भरलेली. रजिस्टरात टिंब. त्यानं काय करावं? नोकरी जाईल, घरी तीन पोरी. त्यानं इकडं तिकडं पाहिलं अन् बाटली लिंबाच्या बुडाला ओतली.

शनिवारी पोलिसांचा अमीन, म्हणजे फौजदार, आला. परका माणूस, त्याला केस मिटवायची घाई. म्हणाला, रजिस्टर आणा. पाहिलं. "बारिश हुईच नहीं, तो बाढ कहाँ से आई? डाकवाला थैली लेकर भागा." गावानं सांगून पाहिलं. कागदापुढं माणसाचं कोण ऐकतंय? कचेरीतले सगळे गप. सगळ्यांचीच टिंबं होती ना रे!

ग्यानोबाची बायको साखराबाई. तिच्या घराची जमीन खणली थैलीसाठी. ती रोज येऊन कचेरीच्या पायरीवर बसायची. एकच बोलायची.

"मालक, पाऊस लिहा. त्यो चोर न्हाई वो. वाहून गेलाय. येवढा पाऊस लिहा."

रेणुकादास मान खाली घालून पानं उलटायचा. फरार माणसाचं दिवसकार्य कसं करणार? भावकीनं हात वर केले. म्हणाले, चोराचं कसलं तेरावं? ती ना सवाशीण, ना विधवा. तुम्हीच सांगा, असं जिणं कुणी जगावं?

मग आली ज्येष्ठ शुद्ध तृतीया, गुरुवार. दुसऱ्या दिवशी सुट्टी, म्हणून महिन्याचा तक्ता त्याच रात्री पुरा करायचा होता. दहा वाजले असतील. कचेरीत तो एकटा. कंदील जळत होता. अंगातला सदरा काढून बसलेला, इतका उकाडा. आभाळात ढगाचं नाव न्हाई. पान हलत न्हाई.

घुंगरं वाजली.

लांब… वेशीकडं. पळत येणाऱ्या माणसाची चाल.

त्याला वाटलं, नवा डाकवाला असेल. पण नवा अजून लावलाच नव्हता.

छुन… छुन… छुन…

अंगण. पायरी.

थांबली.

ओल्या मातीचा वास आला. त्यानं मान वर केली न्हाई. डोळे गच्च मिटून घेतले. टाकातली शाई कागदावर गळत राहिली…

"कोण हाय?"

…

"ग्यानोबा… लिहितो. सकाळी लिहितो. शप्पत."

नुसतं पाणी ठिबकत होतं. जवळ… आणखी जवळ. मग टेबलावर थप्प झालं. अन् घुंगरं निघाली… पळत, पुढच्या गावाच्या वाटेला.

लई वेळानं त्यानं डोळे उघडले. रजिस्टरावर एक पाकीट. भिजून लगदा झालेलं. शाई पसरलेली, पण नाव वाचता येत होतं. त्याचंच. त्या थैलीतलं पत्र.

काय म्हणतेस शिवगंगा? ते अमीनाला दाखवलं का? न्हाई ना! कुठून मिळालं म्हणून विचारलं तर काय सांगू, म्हणाला. अन् सकाळी पाऊस लिहिला का? तो बी न्हाई. भेकड मेला! आपला मित्र होता म्हणून बोलू नये, पण मेलेल्या माणसानं डाक पोचती केली, अन् ह्या जित्या माणसाच्यानं एक आकडा लिहिवला न्हाई. साखराबाई पुढं पोर घेऊन किनवटकडं गेली, जंगलच्या कामावर. पुन्हा कुणाला दिसली न्हाई.

मी विचारलं त्याला, "पत्रात काय होतं?"

तो उठला, मला घरी घेऊन गेला. ट्रंकेतून एक पाकीट काढलं. चाळीस वर्षं झाली होती तवा. चिकटवलेलं तसंच, उघडलेलं न्हाई.

म्हणाला, "ओलं उघडलं की फाटतं रे. वाळलं की उघडीन म्हणत होतो…"

मी हातात घेतलं. मे महिना होता, छपराचे पत्रे तापून फुटायला आलेले.

माझी बोटं ओली झाली. मी धोतराला पुसली अन् घरी आलो.