बाईंचा निरोप

दवाखान्याला साठ वर्षं पुरी होत होती, म्हणून वरच्या ऑफिसातून पत्र आलं: आजवरच्या डॉक्टरांची माहिती पाठवा. गावात येऊन जेमतेम पाच महिने झालेल्या डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. आधीच पेशंटची रांग, त्यात ही भर. पण कपाटातली जुनी रजिस्टरं उघडली आणि ते त्यात रमून गेले.

पहिले डॉक्टर सायकलवरून यायचे. एका कानाने बहिरे, त्यामुळे पेशंट त्यांच्या उजव्या बाजूला बसून दुखणं सांगत. दुसरे लंबू डॉक्टर. दाराच्या चौकटीवर त्यांचं कपाळ इतक्यांदा आपटलं, की शेवटी तिथे चिंधी गुंडाळली. तिसऱ्या बाई. एकोणीस वर्षं राहिल्या, आणि इथेच मागच्या खोलीत वारल्या. त्यालाही आता अकरा वर्षं झाली होती; नंतर आलेलं कुणी फार टिकलं नव्हतं.

रजिस्टरात नसलेलं डॉक्टर पेशंटना विचारू लागले. लोक भरभरून बोलत. फक्त एक गोष्ट त्यांना खटकायची.

"बाई सांगतात, पाणी उकळूनच प्यायचं."

"सांगायच्या," डॉक्टर सुधारत.

लोक मान डोलवत आणि पुन्हा 'सांगतात'च म्हणत. जुनी माया, दुसरं काय, असं डॉक्टरांनी मनाशी ठरवलं.

मग एका सकाळी एक तरुण आई किरकिरं बाळ घेऊन आली. ताप नाही, पोट मऊ.

"कान बघा म्हणाल्या," ती म्हणाली.

"कोण?"

तिने बाळाचं टोपडं मागे सारलं. डॉक्टरांनी कान पाहिला. आत पू होता.

दुपारी त्यांनी सिस्टरला विचारलं. सिस्टर बाईंच्याच हाताखाली तयार झालेली. ती सुया उकळत ठेवत म्हणाली, "रोग बरोबर निघाला ना? मग झालं तर."

पुढच्या आठवड्यात शिंपीणकाकू रक्तदाब तपासायला आल्या. दंडावरचा पट्टा सोडताना त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्यासाठी निरोप आहे. रागवायचं नाही हं."

"बोला."

"गळ्याच्या उजव्या बाजूला, कॉलरच्या जरा खाली. बाई म्हणाल्या, त्याला सांग, चालढकल करू नकोस."

डॉक्टर हसले. काकू गेल्यावर मात्र त्यांनी दार लोटून घेतलं, कॉलर सैल केली आणि आरशासमोर थुंकी गिळून पाहिली. बोटांखाली वाटाण्याएवढी गाठ वर सरकली आणि खाली आली.

शनिवारी ते शहरात गेले. तपासणी झाली, सोमवारी सकाळी ऑपरेशन. "फार लवकर आलात, वाचलात," सर्जन म्हणाले. "लक्षात कसं आलं?"

"आमच्याकडे एक सीनियर आहेत," डॉक्टर म्हणाले. तोंडून सहज 'आहेत' गेलं.

पंधरवड्यानंतर ते परतले, तर पायरीवर सुतार बसलेला. डाव्या हातावर मनगटापासून वीतभर जखम. शिवलेली, छान भरत आलेली.

"टाके काढायला बाराव्या दिवशी ये म्हणालात, म्हणून आलो."

"मी म्हणालो?"

"म्हणजे काय! पटाशी सटकली त्या दुपारी. गेल्याच्या आधीच्या सोमवारी."

त्या सोमवारी दुपारी डॉक्टर शहरात ऑपरेशननंतरच्या गुंगीत पडलेले होते. त्यांनी सिस्टरकडे पाहिलं.

"त्या सोमवारी मी तापाने घरी होते," सिस्टर म्हणाली. "दवाखान्याला कुलूप होतं. किल्ली माझ्या उशाशी."

डॉक्टरांनी चिमटा उचलला आणि हात उजेडात धरला.

सात टाके.

डॉक्टर डावखुरे. गाठ मारताना ते दोरा उलटा फिरवत. कॉलेजात सर त्यावरून टिंगल करायचे.

सातही गाठी उलट्या होत्या.

"दुखलं नाही अजिबात," सुतार सांगत होता. "हात हलका आहे तुमचा. बारा दिवसांनी ये, एवढंच काय ते बोललात, तेही पुटपुटत. गळ्याला ताजी पट्टी होती ना, म्हणून मीही जास्त विचारलं नाही."