मेमरीच्या पाकिटात कंगवा

"पाकिटात मेमरीऐवजी मोडका कंगवा निघाला, ताई!" कॉम्प्युटर दुरुस्त करणारा कारागीर खुर्चीत टेकायच्या आधीच बोलू लागला. "कंपनी म्हणते, वॉरंटीत नवी मेमरी उकळायला मीच ही बनवाबनवी केली. संध्याकाळपर्यंत खुलासा दिला नाही तर एजन्सी जाणार, वर पोलीस!"

गुन्ह्यांचा छडा लावणाऱ्या या समोरच्या बाईंना पोलीस 'घार' म्हणत. घरात त्या नुसत्या ताई. त्यांचा मामेभाऊ नाना त्यांची गाडी चालवायचा, सोबत करायचा आणि दर वेळी न चुकता भलत्याच माणसावर संशय घ्यायचा. आत्ताही तो कारागिराकडेच डोळे बारीक करून पाहत होता.

"मेमरी होती कुणाची?" ताईंनी विचारलं.

"एका म्हाताऱ्या रंगाऱ्याची. तक्रार दोन गोष्टींची. कॉम्प्युटरचा पडदा पिवळा दिसतो आणि मशीन मधेच बंद पडतं. पडदा ठणठणीत होता. मेमरीची पट्टी मात्र कामातून गेली होती. ती काढून चंदेरी पाकिटात घातली, आपली एक जुनी पट्टी तात्पुरती बसवली आणि चिकटपट्टी आणायला खाली स्कूटरपाशी गेलो. वर येऊन पाकीट बंद केलं आणि कंपनीला पाठवलं."

"पुन्हा आत न बघता?"

"घाईत राहिलं, ताई."

"पट्टीत म्हाताऱ्याचे फोटोबिटो असतील की," नाना म्हणाला.

"छे हो! ते सगळं डिस्कमध्ये, आणि डिस्क तिथेच आहे. मेमरी म्हणजे पाटी. वीज गेली की कोरी. त्यात ही खराब झालेली. भंगारवालाही फुकट नेणार नाही."

"म्हणूनच मला ही चोरी आवडत नाही," ताई उठत म्हणाल्या. "नाना, गाडी काढ."

कारागिराला दाराशी थांबवून ताई आणि नाना आत गेले. रंगारीकाका उशांना टेकून पलंगावर बसले होते. चेहरा ओढलेला, ओठ कोरडे.

"आयुष्य रंग कालवण्यात गेलं माझं," ते म्हणाले, "आणि आता ही समोरची भिंतसुद्धा पिवळी दिसते. अन्नावरची वासनाच उडालीय."

नानाने भिंतीकडे पाहिलं. ती चुन्यासारखी पांढरीफटक होती. म्हातारपण, दुसरं काय, असं त्याच्या मनात आलं.

पुतण्या खिडकीशी उभा होता. कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिणं हा त्याचा धंदा. "बिघडलेल्या पट्टीसाठी एवढा तमाशा?" तो वैतागला. "आम्हाला आधीच घाई आहे. हे घर विकून काका माझ्याबरोबर नव्या घरात राहायला येताहेत."

नानाने ताईंना कोपराने ढोसलं. घर विकणार! सापडला चोर.

तेवढ्यात काकांचा मेहुणा आला. काकू गेल्यावरही तो याच घरात राहिला होता. स्वयंपाक, आजारपण, औषधपाणी, सगळं तोच बघे. हात पुसत त्याने अदबीने विचारलं, "पट्टी गहाळ झाली म्हणजे कंपनीने ती वाचली नसेलच, नाही का? घरातल्या गोष्टी परक्यांनी वाचाव्यात, बरं दिसत नाही."

"कारागीर खाली गेला तेव्हा घरात कोण होतं?"

"आम्ही तिघंच," मेहुणा म्हणाला. "मी येतो हं. भाऊजींच्या औषधाची वेळ झाली."

तो आत गेला. ताईंची नजर काकांच्या चेहऱ्यावरून भिंतीकडे आणि भिंतीवरून आतल्या दाराकडे गेली. काय झालं ते नानाला कळेना.

मेहुणा पेला घेऊन आला. काकांनी हात पुढे केला.

"पेला खाली ठेवा," ताई म्हणाल्या.

"अहो, हृदयाचं औषध आहे..."

"म्हणूनच म्हणते. नाना, घे तो. सांडू नकोस."

नानाने पेला हातातून काढून घेतला.

"कारागिराला फसवायचंच असतं तर त्याने एखादी मेलेली पट्टी पाकिटात घातली असती," ताई शांतपणे बोलू लागल्या. "त्याच्याकडे तसल्या ढीगभर असतात. कंगवा पहिल्या नजरेत उघडा पडतो. हे हाताला येईल ते कोंबणाऱ्या, घाबरलेल्या माणसाचं काम. पुतण्याला पक्कं ठाऊक आहे की पट्टीत काही उरत नाही. तो कशाला नेईल? उरला असा माणूस, ज्याने 'मेमरी' शब्द ऐकला आणि त्याला वाटलं की आपण कॉम्प्युटरला जे विचारलं ते सगळं त्या पट्टीच्या लक्षात आहे. 'वाचली नसेलच, नाही का?' असं तुम्हीच विचारलंत."

"मी आपलं सहज..." मेहुणा पुटपुटला.

"पडदा चांगला होता आणि भिंत पांढरी आहे. पिवळं झालंय ते काकांच्या डोळ्यांना. हृदयाची काही औषधं जास्त पोटात गेली की अन्न नकोसं होतं आणि सगळं पिवळं दिसू लागतं. औषध कोण देतं?"

"कॉम्प्युटर लावा," ताईंनी पुतण्याला सांगितलं. "त्यांनी पट्टी नेली. डिस्क जागेवर आहे."

पुतण्याची बोटं भराभर चालली आणि थबकली. तो वळला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मामा... 'हृदयाचं औषध किती दिलं की माणूस जातो'? हे तुम्ही शोधलंत?"

मेहुण्याने भिंतीला पाठ लावली आणि तो खालीच बसला. "पट्टी वरवंट्याने ठेचून टाकली," तो म्हणाला. "या घरात बहिणीमागे मी राबलो. विकण्याआधी भाऊजी गेले असते तर इथेच राहता आलं असतं. घर विकल्यावर मी कुठे जाणार होतो? कुणी विचारलं का मला?"

नानाने अँब्युलन्सला फोन लावला, मग ताईंनी पोलिसांना. कारागिरावरचा आळ केव्हाच फिटला होता, पण दाराशी उभ्या त्या बिचाऱ्याला आनंदसुद्धा करवेना.

काकांनी मेहुण्याकडे पाहिलं. मग त्यांनी पुतण्याला खुणेने जवळ बोलावलं.

"नव्या घरात मी तुला किती खोल्या बघायला सांगितल्या होत्या? सांग त्याला."

"तीन," पुतण्या कसाबसा म्हणाला. "एक माझी, एक काकांची... आणि एक मामांची."