आईचा न जुळणारा चेहरा

"दोंदे एस्ता एल ओस्पिताल?" बॅगेत स्वेटर कोंबता कोंबता आईने विचारलं.

"दवाखाना कुठे आहे, हे झकास जमलं," मुंगी म्हणाली. "पण समोरच्याने उत्तर दिलं तर तुला कळणार का?"

"हात करून दाखवेलच की कुणीतरी," आई म्हणाली.

मुंगी बारा वर्षांची, अंगाने काडी, म्हणून मुंगी. तिचे बाबा जहाजाच्या इंजिनरूममध्ये काम करायचे. तिथल्या शिडीवरून ते पडले आणि आता स्पॅनिश बोलणाऱ्या एका लांबच्या देशात, बंदराजवळच्या दवाखान्यात पडून होते. मणक्याचं ऑपरेशन ठरलं होतं. आजूबाजूचं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं. फोनवर ते आईला एकच सांगायचे, ऑपरेशनच्या आत तू इथे ये.

त्यामुळे सगळी सुट्टी तयारीत चालली होती. मामेभाऊ ढापण्याने तिकडच्या भिंतीतल्या प्लगची भोकं वेगळी असतात हे शोधून काढलं आणि चार्जरसाठी अडॅप्टर पैदा केला. मुंगीची शेजारची मैत्रीण वटवट हिने आईची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत भरली आणि पासपोर्टच्या झेरॉक्स दोन बॅगांत वेगवेगळ्या ठेवल्या. सगळं तयार होतं. नव्हता फक्त व्हिसा.

मग व्हिसाचं काम बघणाऱ्या एजंटकाकांचा फोन आला. व्हिसा नाकारला. म्हणे, अर्जावरचा फोटो पासपोर्टातल्या चेहऱ्याशी जुळत नाही. पहिला फोटो ज्या स्टुडिओत काढला होता तिथेच जाऊन आईने पुन्हा फोटो काढला, काकांनी पुन्हा अर्ज भरला, आणि उत्तर पुन्हा तेच आलं. काळजीने चेहरा उतरतो हो वहिनी, असं म्हणून काकांनी हात झटकले.

आई कितीतरी वेळ आरशासमोर उभी राहिली. "माझंच तोंड मला लागू पडेना," ती म्हणाली. आणि बॅगेतले स्वेटर एकेक करून बाहेर काढायला लागली. ते बघून मुंगी ढापण्याला आणि वटवटला बोलवायला धावली.

तिघं जिन्यात जाऊन बसली.

"तुझी आई तर तीच आहे," शेवटी वटवट म्हणाली. "मग फोटोच दुसऱ्या कुणाचा तरी असेल."

ढापण्या हसायला लागला आणि मधेच थांबला. खरंच, तो फोटो घरात कुणी पाहिलाच नव्हता.

स्टुडिओवाला म्हणाला, फोटो मी कॉम्प्युटरवरून थेट एजंटकडे धाडतो, माझ्याकडे काही नाही. एजंटकाका म्हणाले, मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नका, खेळा जा. झालं! दोन्हीकडून हाकललेली तिघं स्टुडिओच्या काचेसमोर तोंड पाडून उभी राहिली. आत फोटोच फोटो लावले होते. त्यात त्यांच्या गल्लीतला शिंपीही होता. त्याच्या गालांवर मुरुमांचे हे एवढाले खड्डे, पण फोटोत गाल कसे? सोललेल्या अंड्यासारखे!

मुंगी हळूच ढापण्याकडे वळली. ढापण्याच्या नाकाच्या शेंड्यावर मटाराएवढा काळा तीळ होता. माशी बसलीय, असं म्हणून अख्खा वर्ग त्यावर टपली मारायचा.

"माझ्याकडे काय बघतेस?" तो म्हणाला. पण त्याला कळलं होतं.

तो आत गेला, शाळेच्या ओळखपत्रासाठी फोटो हवाय म्हणाला, आणि थोड्या वेळाने फोटो घेऊन बाहेर आला. नाक साफ! तिळाचा मागमूस नाही. ढापण्या फोटोकडे बघतच राहिला.

"मी बरा दिसतो की," तो हळू आवाजात म्हणाला.

मुंगीने फोटो हिसकावला आणि तिघं एजंटच्या ऑफिसात घुसली.

"काका, एवढंच सांगा. हा फोटो लावला तर याला व्हिसा मिळेल?"

काकांनी फोटोवर नजर टाकली. "न मिळायला काय झालं? स्वच्छ आहे."

"आता जरा वर बघा."

काकांनी मान वर केली. फोटो पाहिला, नाक पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. मग त्यांनी आईचा फोटो स्क्रीनवर उघडला. आईची डावी भुवई लहानपणीच्या जखमेने मधोमध दुभंगलेली. फोटोत ती अखंड होती, आणि रंगही चांगला उजळलेला. दोनदा अर्ज भरताना काकांनी फोटो पाहिला होता, आई पाहिली नव्हती.

सगळे स्टुडिओत गेले तेव्हा स्टुडिओवाला तर गोंधळूनच गेला. डाग तसेच ठेवले की लोक भांडतात, मी आपला सगळ्यांचेच काढतो, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. मग त्याने आईचा जसाच्या तसा फोटो काढला आणि काका तो घेऊन स्वतः व्हिसा ऑफिसकडे धावले.

या खेपेला व्हिसा मिळाला. पण डॉक्टरांना थांबणं शक्य नव्हतं. ऑपरेशन आदल्या दिवशीच होऊन गेलं. बाबा फोनवर म्हणाले, शुद्धीवर आल्यावर मी हाका मारत होतो, कुणाला काही कळेना. पायांत अजून जीव वाटत नाही, असंही म्हणाले.

टॅक्सी दारात आली तेव्हा एजंटकाका हजर होते. या पोरांनी माझे डोळे उघडले, असं ते सगळ्या गल्लीला सांगत होते. शिंपी शाबास म्हणाला, मामाने ढापण्याची पाठ थोपटली.

"आपण पहिल्यांदाच फोटो बघायला मागितला असता तर?" मुंगीने विचारलं.

आईने बॅगेची चेन ओढली. "रडायचं असेल तर आत्ता रडून घे," ती म्हणाली. "फोनवर त्यांच्यासमोर नको."

टॅक्सी वळणावरून दिसेनाशी झाली. मुंगी पायरीवर बसली आणि गुडघ्यांत तोंड घालून रडली. शेजारी उभे राहून काका कुणाला तरी सांगत होते, काय हुशार पोरगी आहे.