आत जागा झाली

हे घडलेलं आहे.

पटत नसेल त्यांनी सोडून द्यावं. पण न्दुंबे सार खोटं बोलणारी बाई नाही. पाचही नमाज वेळेवर, सोमवार-गुरुवारचे रोजे वर्षानुवर्षं चुकलेले नाहीत. आणि हे खोटं सांगून तिला मिळणार काय? लाजच.

जानेवारीतला गुरुवार होता. रात्र नव्हती, भर दुपार होती.

गांबिया नदीवर वाळवंटाची धूळ उतरली होती. सूर्य पांढराफटक पडला होता. बांजुलहून पाहुण्यांना घेऊन निघालेली होडी बेटाकडे चालली होती. एके काळी जिथून माणसं गुलाम करून जहाजांत भरून पाठवली, ते बेट. न्दुंबे पाहुण्यांना तिथली माहिती सांगायची. होडी चालवायचा कावसू जारजू.

ती सेरेर, तो जोला. या दोन जमातींत थट्टेची सोयरीक आहे, वाडवडिलांपासूनची. भेटलं की एकमेकांना गुलाम म्हणायचं, भातखाऊ म्हणायचं. लग्नात, बाजारात, अगदी मयतातसुद्धा. समोरच्याने रागवायचं नाही, एवढाच नियम.

"काय गं सार, मालक दिसला तर सलाम करायची पद्धत नाही तुमच्यात?" कावसू सुकाणूवरून ओरडला.

"मालक? अरे, तुझ्या आजोबाला आमच्या आजोबांनी उष्ट्या भातावर पोसला!"

"म्हणूनच उपाशी मेला बिचारा. तुम्ही लोक पातेलं चाटूनपुसून ठेवता."

"रोजा आहे म्हणून वाचलास आज. नाहीतर तुलाच खाल्ला असता."

सगळी होडी हसली.

बेट दिसू लागलं तसं कावसूने इंजिन हळू केलं. आवाजही.

"न्दुंबे, तिथे थट्टा नको हं. नदीवर काय ते बोल. माझे वडील तर त्या बेटावर मला नावानेसुद्धा हाक मारायचे नाहीत."

"बरं रे बाबा."

बरं म्हणाली होती ती.

बेटावर पडक्या भिंती आहेत, आणि माणसं कोंडायची एक कोठडी. छप्पर केव्हाच गेलंय. बुटकं दार, हात जेमतेम जाईल एवढा झरोका. न्दुंबे आधी आत जाऊन आली. गवत होतं, एक सरडा होता.

बाकी काही नाही.

पाहुण्यांमध्ये समुद्रापलीकडून आलेली एक म्हातारी होती. इथून नेलेल्या आपल्या पूर्वजांचा माग काढत आलेली. ती दाराच्या चौकटीला कपाळ टेकून रडायला लागली. बाकीचे गप्प उभे राहिले. ती शांतता न्दुंबेला सोसेना. इतकी वर्षं तेच सांगून सांगून तिला त्या जागेचं काही वाटेनासं झालं होतं, हे तिला त्या क्षणी कळलं... आणि तेच झाकायला तिने तोंड उघडलं.

कावसू पाण्याच्या बाटल्या घेऊन आला होता. तिने त्याच्या दंडाला धरलं.

"हा माझा गुलाम बरं का! दात बघून घ्या, शाबूत आहेत. भात फार खातो, म्हणून स्वस्तात काढतेय. बोला, कोण घेतो?"

दोघेतिघे हसले.

कावसू हसला नाही.

म्हातारीने मान वळवून न्दुंबेकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

आणि मग... कोठडीतून आवाज आला.

किंकाळी नव्हे. साखळ्या नव्हेत. गच्च भरलेल्या गाडीत आणखी एक माणूस चढला की बसलेले सगळे थोडे थोडे सरकतात ना... तसा.

अंग घासत सरकल्याचा. पुष्कळ जणांचा.

आत जागा करत होते.

कावसूने बाटल्या खाली ठेवल्या. वाकला. आत गेला.

न्दुंबे धावली. कोठडी रिकामीच होती. तरी कावसू भिंतीशी बसला होता गुडघे छातीशी घेऊन, खांदे आवळून. दोन्ही बाजूंनी कुणी दाबून धरल्यासारखा.

"पुरे झालं नाटक, कावसू."

तिने पुन्हा हाक मारली.

"जारजू!"

आडनावाने हाक मारणं म्हणजे मान देणं. गांबियात कुणीही त्या हाकेला ओ देतोच. त्याने मानही वर केली नाही.

शेवटी घाबरून ती खेकसली, "ऊठ!"

तो लगेच उठला.

"चल," म्हटल्यावर चालला. "होडी सुरू कर," म्हटल्यावर सुरू केली. परतीच्या वाटेवर एवढ्या रुंद बाकावर तो अंग चोरून बसला होता...

घरी त्याची आई सिबो अंगणात शेंगदाण्याचं कालवण ढवळत होती. कावसू तिच्याजवळून गेला आणि भिंतीला पाठ लावून तसाच बसला.

"याला काय झालं? बेटावर काय बोललीस गं तू?"

"काही नाही, आई."

रोजा अजून सुटला नव्हता. त्याच तोंडाने ती खोटं बोलली.

भाताचं ताट समोर आलं. कावसूचा हात हलेना. आई विनवून थकली. न्दुंबे अगदी हळू म्हणाली, "जेव."

तो जेवायला लागला.

सिबोआईच्या हातातला डाव खाली पडला.

मग मराबूंना, दुवा-ताईत देणाऱ्या बाबांना, बोलावलं. भलेभले त्यांच्याकडून ताईत नेतात. ते कावसूच्या खोलीच्या दारापर्यंत आले आणि थांबले.

"आत या ना," आई म्हणाली.

"कसा येऊ?" ते पुटपुटले. "पाय ठेवायला जागा नाही."

खोलीत कावसूशिवाय कुणी नव्हतं.

त्या संध्याकाळी न्दुंबेने सिबोआईचे पाय धरले आणि सगळं सांगितलं. मारा, थुंका, गावभर सांगा म्हणाली. आईने मारलं असतं तर बरं झालं असतं. पण ती जोला, ही सेरेर. रागवायचं नाही.

सिबोआईने नियम पाळला. ओठ थरथरत होते, तरी हसली.

"माझा पोरगा विकायला काढलास, आणि मला नाही विचारलंस, मेले? मीच घेतला असता की गं."

न्दुंबेला वर बघवेना.

ती तशीच उठून खोलीच्या दारात गेली. गुडघ्यांवर बसली.

"कावसू जारजू, तू कुणाचा गुलाम नाहीस. मी चुकले. अल्लाच्या नावाने सांगते, तू मोकळा आहेस. बाहेर ये."



मग कावसूने मान उचलली. बेटावरून आल्यापासून पहिल्यांदाच. त्याने डावीकडे पाहिलं... मग उजवीकडे. सावकाश. माणसांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवावी तसं.

आणि विचारलं,

"आणि हे?"

 

न्दुंबे रोज जाते. दाराशी बसते, मान खाली घालून "जेव" म्हणते. हल्ली ती भात मोठ्या पातेल्यात नेते.

पातेलं रिकामं परत येतं.

कावसू मात्र वाळत चाललाय...