पाठ बघायची राहिली

त्यांची पहिली भेट झाली तेव्हा तो जमिनीवर आडवा पडला होता आणि ती त्याच्या बरगड्या चाचपत होती.

घाबरण्यासारखं काही नव्हतं. कम्युनिटी कॉलेजच्या व्यायामशाळेत पॅरामेडिकच्या पदवीची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा चालली होती, आणि तो होता परीक्षेपुरता पेशंट. शिडीवरून पडलेला. कार्डावर लिहिलेलं, तेही विचारलं तेवढंच सांगायचं, एक अक्षर जास्त बोलायचं नाही, असा या खोट्या पेशंटांना नियम असतो.

"कुठे दुखतंय?"

"उजव्या खांद्यात."

"श्वास घेताना त्रास होतोय?"

"थोडा... तुमचे हात फार गार आहेत हो."

"हे कार्डावर लिहिलंय?"

"नाही. हे माझं मीच."

तिला हसू आलं होतं, पण ते तिने गिळलं. मान स्थिर केली, ऑक्सिजन लावला, खांदा बांधला, नाडी मोजली, रक्तदाब घेतला. सगळं कसं चोख. मग ती ऐटीत म्हणाली, "पेशंट हलवायला तयार आहे, सर."

"पाठ बघितलीत?" परीक्षक सरांनी विचारलं.

तिच्या तोंडचं पाणीच पळालं. पेशंट मुकाट्याने कुशीवर वळला. शर्टाखाली, पाठीच्या मधोमध, वीतभर लांब जखम होती. रंगवलेलीच, पण अगदी हुबेहूब.

"तुमचा पेशंट गाडीत चढायच्या आधीच गेला असता," सर म्हणाले आणि त्यांनी कागदावर एकच शब्द लिहिला. तो काय असणार हे सांगायला नकोच.

आता एक सांगायला हवं. वर्गात सगळे तिला ताई म्हणत, कारण विशीतल्या पोरापोरींत ही एकटी तिशीची. त्याआधी दहा वर्षं ती चपलांच्या दुकानात होती. एकदा एक आजोबा बूट घालून बघता बघता खुर्चीतून खाली कोसळले, आणि ही दुसरा बूट हातात धरून नुसती उभी! अँब्युलन्समधून आलेल्या एका पोरगेल्या मुलीने आजोबांना शुद्धीवर आणलं, वर "काकू, जरा बाजूला व्हा" असंही हिला सुनावलं. आजोबा वाचले. हिला मात्र तो हातातला बूट आठवडाभर झोपू देईना. पुढच्या सत्राला तिने कॉलेजात नाव घातलं.

घरी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. घरात ती आरंभशूर म्हणून प्रसिद्ध होती. शिवणाचा क्लास अर्धा, टायपिंग अर्धं, कपाटात एका बाहीचा स्वेटर. "यंदा काय अर्धं राहणार?" असं वहिनी हसत विचारायची, आणि हसत विचारलं म्हणून ते कमी लागत नाही. आई काही बोलायची नाही. तिचं ते न बोलणं तर जास्तच लागायचं.

आणि आता ही दोन वर्षं घासून पाठीवर नापास झाली होती. चार महिन्यांनी आणखी एकदा बसता येणार होतं. त्यातही राहिली, तर पदवी नाही. नियमच तसा होता.

ती बाहेर जिन्यावर बसली होती तेव्हा पेशंट आला. हातात टर्पेंटाइनची बाटली, शर्ट उलटा.

"मी पेंटर आहे. दुकानांच्या पाट्या रंगवतो. इथे जखमा रंगवायला बोलावतात... आज पेशंट कमी पडले म्हणून झोपवलं मला. ती जखम माझीच. म्हणजे मीच रबरावर काढून चिकटवलेली. मी जरा कण्हायला हवं होतं का?"

"कार्डावर कण्हा असं होतं?"

"नव्हतं."

"मग कशाला कण्हायचं? चुकले मी. तुम्ही जखम मात्र चांगली काढलीत."

तो बघतच राहिला. नापास झालेलं माणूस रडतं, नाहीतर दुसऱ्याला बोल लावतं. ही बाई डोळ्यांत पाणी असताना त्याच्या कामाची तारीफ करत होती. अशा माणसाच्या प्रेमात पडायला किती वेळ लागतो? त्याला तरी फारसा लागला नाही, पण त्याने ताकास तूर लागू दिली नाही. तो एवढंच म्हणाला, "रविवारी सकाळी माझं काम बंद असतं. सरावाला पाठ हवी असली तर... ही आहे."

मग रविवारमागून रविवार गेले. कॉलेजचा तळमजल्यावरचा वर्ग सरावाला उघडा असे. कोवळं ऊन फरशीवर, टर्पेंटाइनचा वास, आणि पेंटर दर खेपेला नवा घाव अंगावर घेऊन हजर. कधी कानामागे, कधी तळपायाला, कधी कॉलरच्या आत. दडवण्यात तो पटाईत, तर शोधण्यात हीही कमी नव्हती. हात लावण्याआधी ती आता तळवे एकमेकांवर घासून गरम करायची. ते त्याने पाहिलं होतं, आणि त्याने पाहिलंय हे तिनेही पाहिलं होतं.

"नाडी शहाण्णव," एकदा ती म्हणाली. "जरा जास्तच आहे."

"जिना चढून आलो ना."

"हा तळमजला आहे."

"...हो का? वाटलं नाही तसं."

ती खाली मान घालून आकडा लिहीत राहिली. गालांचं काय करायचं ते मात्र तिला कळेना.

"तुम्ही मला ताई का नाही म्हणत?" दुसऱ्या एका रविवारी तिने विचारलं. "सगळा वर्ग म्हणतो."

"सगळ्या वर्गाला म्हणू द्या," तो छताकडे बघत म्हणाला. "माझा त्यात फार तोटा आहे."

एकदाच त्यांचं वाजलं. ती मांडी तपासायची विसरून पुढे निघाली होती, आणि पेंटर हळूच खोकला. तिने सामान खाली ठेवलं.

"उद्या रस्त्यावर पडलेला माणूस मला खोकून दाखवणार आहे?"

"अहो, मी सहज—"

"सहज नाही. माझी कीव करू नका. पास होईन तर माझी मी होईन, नाहीतर जाईन पुन्हा चपला विकायला."

तिच्या नाकावरचा राग खराच होता. पेंटरने कानाला खडा लावला. त्यानंतर तो असा पडून राहू लागला की जिवंत आहे का, हेच आधी तपासावं लागे.

चार महिने संपले. परीक्षेच्या दिवशी सकाळपासून बारीक पाऊस होता आणि तिची पाचावर धारण बसली होती. परीक्षक बाहेरून आलेल्या एक बाई, सरळ पाठीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. पेशंट चिठ्ठ्यांनी वाटले जात होते. तिचा नंबर पुकारला, ती आत गेली, आणि बघते तर खुर्चीशेजारी फरशीवर कोण पडलंय? पेंटर!

तिच्या जिवात जीव आला. हे अंग तिला पाठ होतं. बोटांना त्याची शीर न शोधता सापडायची.

आणि नेमका तेव्हाच पेंटर उठून बसला.

"बाई, मला बदला. मी यांना ओळखतो."

बाईंनी शांतपणे एक फॉर्म पुढे ओढला. "ओळख कशी? शेजारी, नातेवाईक, सहकारी?"

"यातलं काही नाही."

"मग काय लिहू? इथे खरं लिहावं लागतं. उद्या कुणी हरकत घेतली तर यांची पदवी अडकेल."

पेंटरने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग फरशीकडे पाहिलं.

"माझं प्रेम आहे यांच्यावर. त्याला रकाना नसेल तर 'इतर'मध्ये लिहा."

बाईंनी चष्मा सारखा केला. "यांना हे माहीत आहे?"

"आत्ता कळलं त्यांना."

बाईंनी ते लिहून घेतलं, अगदी शब्दशः. मग तिच्याकडे वळल्या. "पाच मिनिटं हवीत?"

तिचे कान तापले होते. मेल्याला हीच वेळ सापडली! रागाने, आणि रागाच्या खाली दुसऱ्याच कशाने तरी तिचा ऊर धडधडत होता. पण तिने हातमोजे चढवले.

"नकोत, बाई. पेशंट द्या."

पेंटरच्या जागी कॉलेजचे गलेलठ्ठ ग्रंथपाल येऊन पडले आणि डोळे मिटून चक्क घोरू लागले. बेशुद्ध माणूस. तिने हाक मारली, खांदा हलवला. उत्तर नाही. श्वासाचा मार्ग मोकळा केला, नाडी घेतली. कपाळावर पाणी शिंपडून घाम दाखवलेला होता. डोकं, मान, छाती, पोट, पाय, सगळं तपासलं. मग मदतनिसाला हाताशी घेऊन तिने ग्रंथपालांना कुशीवर वळवलं.

पाठीवर काहीच नव्हतं.

तिचा हात थबकला. चार महिने कुठे ना कुठे जखम असायचीच. असणार! दिसत कशी नाही? तिने पुन्हा शर्टाकडे हात नेला... आणि घड्याळ चाललेलं तिच्या लक्षात आलं. स्वतः नीट बघितलंय ना? मग त्यावर विश्वास ठेवायला नको?

"पाठ स्वच्छ आहे," ती मोठ्याने म्हणाली. "घाम, बेशुद्धी, इजा कुठेच नाही. रक्तातली साखर बघते."

"अडतीस," बाईंनी आकडा सांगितला.

"फारच कमी. शिरेतून ग्लुकोज सुरू करते. दर पाच मिनिटांनी पुन्हा तपासेन, आणि गाडीत घेताना डोकं आधी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "उठा हो ग्रंथपाल," त्या म्हणाल्या, "वाचलात तुम्ही." आणि पहिल्यांदाच हसल्या. "उत्तीर्ण. आणि चांगल्या उत्तीर्ण."

पेंटर मागच्या नळावर ब्रश धूत होता. धुऊन स्वच्छ झालेलेच पुन्हा धूत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"कधीपासून?"

"काय... कधीपासून?"

"जे फॉर्ममध्ये लिहायला सांगितलंत ते. अचानक सुरू झालं की हळूहळू?"

त्याने तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि त्याला आधी निकाल कळला. मग तो भिजल्या हातांनिशी असा हसला की नळ बंद करायचंही राहिलं.

"अचानक. जिन्यावर."

"वाढतं कशाने?"

"तुम्ही मनगट धरलं की."

"आणि आराम कशाने पडतो?"

"पडतच नाही हो."

तिने हात पुढे करून नळ बंद केला. "मी आज उत्तर देणार नाही. पदवी आधी हातात येऊ दे. मला ते पदवीधर म्हणून द्यायचंय."

"चालेल," तो म्हणाला. "पेशंटला घाई नाही."

पदवीदानाला आई आली, भाऊ आला, वहिनीही आली. या कॉलेजात पदवीसोबत गणवेशाच्या छातीवर एक बिल्ला लावतात, आणि तो घरच्या माणसाने लावायचा असतो. आईच्या हातून टाचणी दोनदा निसटली. तिसऱ्यांदा बिल्ला बसला, तेव्हा आईने त्यावरून अंगठा फिरवला.

"मी मनातून धरून चालले होते की तू हेही सोडशील," आई हळूच म्हणाली. "चुकले गं मी." मग डोळे पुसून ती सभागृहाकडे वळली आणि शेजारच्या अनोळखी बाईला, कुणी विचारलं नसताना, म्हणाली, "माझी मुलगी!"

वहिनीने टाळ्या वाजवल्या, हात लाल होईपर्यंत. चेष्टा करणारीही तीच आणि सर्वांत आधी उभी राहणारीही तीच.

"तो मागे दाराशी उभा आहे तो कोण गं?" पहिल्या रांगेतल्या जागेवर परतता परतता आईने विचारलं. "मघापासून तुझ्याकडेच बघतोय."

ती मंचावरून उतरली. मधल्या वाटेने, सगळ्या रांगा ओलांडून, ताठ मानेने दारापर्यंत गेली. पेंटरने इस्त्रीचा शर्ट घातला होता. नखांत थोडा निळा रंग राहिलाच होता.

"आता सांगते," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही गप्प पडून राहिला असतात तर मला सोपं गेलं असतं. पण ही पदवी मग थोडी तुमचीही झाली असती. तुम्ही ती सगळीच्या सगळी माझी राहू दिलीत." तिचा आवाज कापला. तिने तो सावरला नाही. "माझंही प्रेम आहे. रकाना कुठलाही असो."

तिने मग सरळ त्याचा हात हातात घेतला.

"आई विचारतेय, कोण म्हणून," ती म्हणाली. "चल, तूच सांग तिला."

आणि भरल्या सभागृहादेखत, छातीवर नवा बिल्ला मिरवत, ती त्याला पहिल्या रांगेकडे घेऊन निघाली.